घोंगडीचा शिवलेला कोपरा

"मॅडम, फक्त तुमची सही राहिलीय," असं म्हणून अस्मानं रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा आणायला गेली. अस्मा माझी सहकारी. काम चोख, हात स्वच्छ. तिच्या रिपोर्टवर डोळे झाकून सही करावी अशी ती आहे. पण आमच्या धंद्यात डोळे झाकून काहीच करायचं नसतं, म्हणून मी ग्राफ मागवून घेतले.

आमचा धंदा म्हणजे पोलिसांकडून आलेल्या वस्तूंवरून डीएनए काढायचा आणि तो कुणाचा असू शकतो हे सांगायचं. मी अजून नोकरीत आहे, त्यामुळे इथली सगळी नावं बदललेली आहेत.

त्या दिवशीची वस्तू होती एक काळी घोंगडी. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रोडच्या एका बाजूच्या माळावर एका धनगराचा मेंढरांचा तळ पडला होता. तळावरचा म्हातारा लिंबाजी सकाळी मेलेला सापडला. तोंडात घोंगडीचा कोपरा, दातांत घट्ट धरलेला. कोपरा ओला होता. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी श्वास कोंडल्याची शंका लिहिली आणि मरणाच्या कारणावरचं मत राखून ठेवलं. पोलिसांना तेवढं पुरलं. कुणीतरी म्हाताऱ्याच्या तोंडावर घोंगडी दाबली, असं त्यांनी धरलं आणि त्याच्या मुलाला उचललं.

मुलगा दत्ता. वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामगार, राहायला बजाजनगरात चौघांच्या खोलीत. आदल्या दिवशी तो तळावर आला होता आणि बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "तू मेलास तरी येणार नाय," असं तो ओरडल्याचं शेजारच्या तळावरच्या तिघांनी ऐकलं होतं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण ज्याला बोललं तो माणूस दुसऱ्या दिवशी खरोखरच मेला की ते बोलणं पुरावा होतं.

दत्ताचं म्हणणं एवढंच, की भांडण झालं, मी निघून गेलो, आणि त्या घोंगडीला तर मी आई गेल्यापासून हातही लावलेला नाही. हे शेवटचं वाक्य त्याला महागात पडणार होतं. कारण अस्माच्या रिपोर्टप्रमाणे घोंगडीच्या त्या कोपऱ्यात दत्ता होता. थोडाथोडका नव्हे, अख्खा.

इथं थोडं समजावून सांगते. प्रत्येक माणसाच्या डीएनएत ठरावीक जागा आम्ही तपासतो. त्यांना मार्कर म्हणतात. प्रत्येक जागेवर माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मशीन हे आकडे ग्राफवर टोकदार उंचवट्यांनी दाखवतं, त्यांना आम्ही पीक म्हणतो. एकाच माणसाचा डाग असेल तर एका जागी जास्तीत जास्त दोन पीक. तीन किंवा चार दिसले की समजायचं, दोन माणसं मिसळलीत. याला आम्ही मिक्श्चर म्हणतो. मिक्श्चर म्हणजे मिसळलेली डाळ. तूर दिसते, मूग दिसतो, पण कुठला दाणा कुणाच्या घरचा, हे दाण्यावर लिहिलेलं नसतं.

कोपऱ्यातले मोठे पीक लिंबाजीचे होते, ते साहजिकच. दातांत धरला होता त्यानं. त्याखाली बुटके पीक होते. अस्मानं दत्ताच्या रक्ताचे आकडे त्यावर ठेवून पाहिले, तर दत्ताचा एकही आकडा चुकत नव्हता. प्रत्येक जागी हजर. मात्र काही जागी एखादा जास्तीचा बुटका पीक उरत होता, जो लिंबाजीचाही नव्हता आणि दत्ताचाही नव्हता. अस्मानं त्यांना तिसरी, अनोळखी व्यक्ती म्हटलं होतं. तळावर दहा माणसं येतात जातात. कुणीही हात लावला असेल.

सगळं बिनचूक बसत होतं. आणि मला तेच खटकलं. खरं सांगायचं तर खटकलं हा शब्द सौम्य आहे. ग्राफ बघताना मला असं वाटलं की कुणीतरी त्या कागदातून माझ्याकडे बघतंय. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेल्या कुणाची भुतांवर विश्वास ठेवायची हिंमत नव्हती, वडिलांनी फोडून काढलं असतं. तरी मी उठून एसीचं तापमान वाढवलं.

मग पट्टी घेऊन पीक मोजायला बसले. दत्ताचा म्हणून धरलेला पीक आणि अनोळखी म्हणून सोडून दिलेला पीक, दोघांची उंची जवळजवळ सारखी. एका जागी नाही, जिथं जिथं ते दोघे होते तिथं तिथं सारखी. दोन वेगवेगळी माणसं एका घोंगडीला हात लावतात तेव्हा एकाचं जास्त उतरतं, दुसऱ्याचं कमी. इतकी बरोबरी कशी? ती दोन माणसं नसून एकाच माणसाचे दोन आकडे असले तर मात्र अशीच दिसतील.

नंतर मी लिंगाचा मार्कर पाहिला. पुरुषाचे तिथं दोन पीक येतात, एक्स आणि वाय, साधारण सारखे. बाईचा फक्त एक्स. डागात बाप आणि मुलगा असतील तर एक्स आणि वाय बरोबरीनं यायला हवेत. आमच्या ग्राफवर एक्स चांगला वर गेला होता. बुटक्या पीकांची मालक बाई होती.

अस्मा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "अशी कोण बाई, जिचा प्रत्येक जागचा एक आकडा दत्ताशी जुळतो?"

तिनं ग्राफ हातात घेतला. कप खाली ठेवला. "एक तर मुलगी," ती म्हणाली, "नाही तर आई. मुलगी तर नाहीच मॅडम, त्याचं लग्न कुठं झालंय."

"मग?"

"आई तर वारली. दिवाळीच्या आधी. कागदात लिहिलंय ना."

बाहेर भर दुपार, ऊन नुसतं रखरखत होतं, आणि त्या बंद खोलीत मेंढरांचा वास होता. घोंगडीचा वास सील उघडल्यापासून जात नव्हता. बाई मेल्यावर कितीतरी महिन्यांनी तिचा नवरा मेला, आणि त्याच्या तोंडात ती होती. अस्मानं हळूच काहीतरी पुटपुटत दुआ म्हटली. मला तेवढीही सोय नव्हती.

रिपोर्ट घेऊन मी देशमुख सरांकडे गेले. सर आमचे साहेब. माणूस सरळ, पण कामाचा ढीग आणि वरून पोलिसांचे फोन. चार्जशीटची मुदत जवळ आली होती. तपास करणारे ढाकणे साहेब त्याच वेळी सरांच्या केबिनमध्ये बसले होते, हेही माझं नशीब.

मी सांगितलं की हा रिपोर्ट असा जाऊ नये. आई आणि बाप यांचं मिक्श्चर असेल, तर त्यांचं कुठलंही मूल त्यात सापडणारच. मुलाकडे जे आकडे असतात ते त्या दोघांकडूनच आलेले असतात, बाहेरून एकही येत नाही. दत्ता तिथं कधी फिरकला नसेल तरी पूर्ण दिसेल. आपलं सॉफ्टवेअर गणित करताना धरून चालतं की डागातली माणसं एकमेकांची कुणी लागत नाहीत. इथं सगळी एका घरची आहेत.

"पण आई मयत आहे," ढाकणे साहेब म्हणाले. "मयत बाई नवऱ्याचं तोंड दाबायला आली होती का?"

"हात लावायला माणसाला त्याच दिवशी यावं लागत नाही साहेब. कोरड्या लोकरीत डीएनए महिनोन् महिने टिकतो."

"महिन्यांपूर्वी धरलेल्या घोंगडीवर एवढा?"

नुसत्या हातानं एवढा डीएनए उतरत नाही, हे त्यांचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात पोलिसांचं बरोबर निघालं की फार त्रास होतो.

देशमुख सर म्हणाले, "मॅडम, आपण मुद्देमाल तपासतो. गुन्ह्याचा तपास यांचा. मुलगा मिक्श्चरमध्ये बसतो का? बसतो. लिहा आणि मोकळ्या व्हा."

मी म्हणाले, बसतो हे लिहीन. पण जन्मठेप होईल अशा कागदावर बसतो एवढंच लिहिलं तर ते खोटं नसलं तरी खरंही नाही. मला आईचा नमुना हवा, आणि दुसरं मूल असेल तर त्याचं रक्त. सरांनी डोक्याला हात लावला. पण पत्रावर सही केली. आढेवेढे घेऊन का होईना, ढाकणे साहेबांनीही ते काम केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

चारसहा दिवसांनी दत्ताची बहीण सुमन आली. चिकलठाण्याला एका नव्या बिल्डिंगच्या कामावर नवरा-बायको दोघं राहायची, वॉचमनच्या खोलीत. बरोबर कॉन्स्टेबल. रक्त द्यायला ती घाबरत नव्हती. भावाबद्दल मात्र विचारत राहिली, त्यानं जेवण घेतलंय का, मार बसला का. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

ढाकणे साहेबांनी तिच्याकडून आईची एक वस्तू पंचनामा करून घेतली होती. मिश्रीची डबी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आपल्याकडे बायका दातांना घासतात. बोट तोंडात, मग डबीत, मग परत तोंडात. डबीच्या कडेला थुंकी वाळून बसते. एखाद्या मेलेल्या बाईचा नमुना शोधायचा तर याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

"ही डबी दुसरं कुणी वापरायचं?" मी विचारलं.

"नाय बाई. माझी येगळी व्हती. आई गेल्यावर बाबानं ती पालाच्या आढ्याला बांधून ठिवली. कुणाला हात लावू देत नव्हता." मग ती म्हणाली, "दत्ताला तर आईच्या कशालाच शिवू देत नव्हता. आईच्या येळेला त्याला सुट्टी नाय भेटली, जाळून झाल्यावर आला. तव्हापासून बाबा म्हणायचा, माझ्या कौशीच्या वस्तूला तुझा हात नाय लागला पायजे. भांडण त्याचंच व्हतं. दुसरं कायबी नव्हतं."

मी तिला घोंगडीबद्दल विचारलं. कोपऱ्याचा फोटो दाखवला. तिनं बघताक्षणी ओळखला.

"ह्यो आईनं शिवलेला कोपरा हाय. मेंढीनं चावून फाडला व्हता. आई लोकरीचं सूत तोंडात धरून ओलं करायची, मग सुईत ववायची. दर टाक्याला. त्याबिगर ते जाड सूत जात नाय. शिवून झालं का दातानं तोडायची."

दर टाक्याला. मी अस्माकडे बघितलं. एवढा डीएनए कुठून आला याचं उत्तर त्या बाईच्या तोंडात होतं.

"धुतली नाही कधी?"

"घोंगडी कुठं धुत्यात व्हय? आमच्यात नाय धुवत. उनात टाकायची, झटकायची." मग सुमननं फोटोवर बोट ठेवलं. "आई गेल्यावर बाबा ह्योच कोपरा तोंडाशी घेऊन झोपायचा. दातात धरायचा लहान पोरावाणी. म्हणायचा, हिचा वास येतोय. भेटाय गेले का मी किती डाव बघितलंय."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"मला कुणी इचारलंच नाय."

कॉन्स्टेबल भिंतीकडे बघायला लागला.

रक्त घेताना सुमननं विचारलं की तिचं रक्त कशाला. मी केसबद्दल काही सांगू शकत नव्हते, म्हणून नियम तेवढा सांगितला. आईबापाचं एकत्र आलं की त्यांची सगळी लेकरं त्यात दिसतात, म्हणून पडताळून बघायचं. ती कापसाचा बोळा दाबून धरून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "सगळी?"

"सगळी."

"माझ्या आन् दत्ताच्या मधी एक भाऊ व्हता आमचा. पाळण्यातच गेला. नावबी ठिवलं नव्हतं. त्योबी दिसल का?"

मला वाटतं, सबंध नोकरीत मला विचारलेला सर्वात कठीण प्रश्न हाच. उत्तर मात्र सोपं होतं. त्याचं रक्त कुणाकडे नाही, म्हणून आपल्याला ओळखता येणार नाही. पण त्याचे आकडे त्या कोपऱ्यात असणारच. मी हो म्हणाले. तिनं मान डोलावली, जणू एवढंच हवं होतं.

कोपऱ्याच्या त्या टाक्यांतला निम्मा भाग पहिल्या तपासणीत वापरून झाला होता. खात्रीसाठी फिरून काढायचं तर उरलेला घ्यावा लागणार होता आणि मग मागे काहीच राहणार नव्हतं. सरांची लेखी परवानगी घेतली आणि कापला.

निकाल आला त्या दुपारी मी आधी सुमनचे आकडे ग्राफवर ठेवले. तीही पूर्ण होती. एकही आकडा चुकत नव्हता. दत्ताच्या वेळी उरलेले काही पीक तिनं भरून काढले. जी बाई वर्षभर तळावर राहत नव्हती ती आणि जो मुलगा घोंगडीला शिवत नव्हता तो, दोघंही अंगठ्याएवढ्या जागेत पुरेपूर हजर. अख्खं घर त्या कोपऱ्यात बसलेलं होतं. गणित मला आधीच माहीत होतं, तरी समोर बघताना बरं वाटलं नाही.

मग डबी. डबीवर एकाच बाईचे आकडे निघाले, स्वच्छ. ती दत्ताची आणि सुमनची, दोघांचीही आई म्हणून बसत होती. ते आकडे मी लिंबाजीच्या आकड्यांबरोबर ठेवले आणि एकेका जागेवरून खाली येत गेले. प्रत्येक पीकला मालक मिळाला. एक्स का उंच होता, तेही मिळालं. शेवटच्या जागेपर्यंत उरलं काहीच नाही. तिसरा माणूस नव्हता. दत्ताची गरजच नव्हती.

अस्मानं विचारलं, "मग पहिल्या वेळी तो अनोळखी, जास्तीचा पीक इतक्या कमी जागी का दिसला? नवरा-बायकोचे आकडे वेगळे असतात, जास्त जागी दिसायला हवा होता."

मी फोन करून सुमनला विचारलं. ती म्हणाली, "आई बाबाच्या मामाचीच पोरगी ना." आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हे रीतीचंच. म्हणजे नवरा-बायकोतही काही आकडे आधीच सारखे. तिचे पीक त्याच्या पीकांखाली लपत होते, म्हणून ती कमी दिसत होती आणि जिथं दिसत होती तिथं परकी वाटत होती. मेल्यावरही बाई नवऱ्याच्या आडच उभी होती. अस्माची काही चूक नव्हती. दत्ता त्यात आहे असं धरलं की कुणालाही तिघेच दिसले असते.

नवा रिपोर्ट मी स्वतः लिहिला. मिक्श्चर लिंबाजी आणि त्याची बायको कौसाबाई या दोघांच्या आकड्यांनी पूर्णपणे उलगडतं आणि त्यात दत्ता असल्याचा कुठलाही आधार नाही. देशमुख सरांनी तो दोनदा वाचला. ढाकणे साहेबांचा फोन आला.

"म्हणजे तो तिथं नव्हता, असं म्हणता?"

"नाही साहेब. तो होता असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणते. नव्हता हे डीएनए सांगत नाही."

"मग काय उपयोग?"

"तुमच्याकडे दुसरा पुरावा असला तर काही नाही. नसला तर पुष्कळ."

त्यांच्याकडे दुसरा नव्हता. त्यांनी सुमनचा जबाब घेतला, हे मात्र केलं. पुढे डॉक्टरांचं राखून ठेवलेलं मतही आलं, हृदय बंद पडून मृत्यू. म्हातारा आपला बायकोचा कोपरा दातांत धरून झोपला आणि उठला नाही. दत्ता सुटला. कंपनीनं परत घेतलं नाही, ते वेगळं.

कोर्टानं मुद्देमाल परत दिला तेव्हा दत्ता आमच्या गेटवर आला. बारीक झालेला, हातात तीच घोंगडी. कोपरा नव्हता. मी त्याला कॅन्टीनमध्ये बसवलं. माझे आभार वगैरे मानले नाहीत त्यानं, बरं केलं. म्हणाला, "मॅडम, हितला तुकडा तुमच्याकडं ऱ्हायला. सुमी म्हणती त्यातच आई हाय. तेवढा द्या."

मी त्याला सांगितलं की तो तुकडा आता नाही. डीएनए काढायचा म्हणजे कापड औषधात विरघळवायचं, धुऊन काढायचं. दोनदा केलं. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, नमुना तपासणीत संपला. ती ओळ मी आजवर शेकडो वेळा लिहिली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ती कुणासमोर तोंडानं म्हटली.

तो बराच वेळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मला सोडवायला संपली म्हणा की."

"हो."

"तिचं तसंच व्हतं," दत्ता म्हणाला. "सोतासाठी कवाच कायी उरवलं नाय." घोंगडीची घडी घालून खांद्यावर टाकली आणि गेला. यावेळी त्याला शिवू नको म्हणणारं कुणी नव्हतं.

आता मिक्श्चरची केस आली की सॉफ्टवेअर चालू करायच्या आधी मी पोलिसांना फोन लावते. विचारते, घरात कोण कोण आहे, कुणाचं कुणाशी काय नातं, लग्न नात्यात झालंय का. ते सांगतात. मग विचारते, मेलेली कोण कोण? बहुतेकजण हसतात. मी हसणं संपेपर्यंत थांबते आणि पुन्हा विचारते.